रिहर्सलला जमतं, स्टेजवर ट्रॅक सुटतो: आधी काय तपासायचं?

तक्रार नेहमी एकाच चालीवर येते. रिहर्सलला सगळं चोख होतं. कार्यक्रमातही इंट्रो ठीक, मुखडा ठीक, पहिला अंतरा ठीक. मग सेकंड म्युझिकला (दुसऱ्या अंतऱ्याआधीच्या वाद्यसंगीताला) ट्रॅकमधल्या, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या साथीतल्या, व्हायोलिनी शिरतात आणि ढोलकी अजून समेवर पोचलेलीच नसते. गायिका मागे वळून कीबोर्डवाल्याकडे बघते, तो ढोलकीकडे बघतो, ढोलकीवाला साउंडवाल्याकडे. आणि सामान गाडीत भरताना ठरलेलं वाक्य कानावर पडतं, "रिदम हलला."

मी मुंबईतल्या ऑर्केस्ट्रांसाठी ट्रॅक तयार करतो आणि कार्यक्रमात ते चालवतो. माझा अनुभव असा की रिदमवाल्यावर ढकलायची इतकी घाई नको. बहुतेक वेळा त्याला ट्रॅक उशिरा ऐकू आलेला असतो, किंवा ऐकूच आलेला नसतो, नाहीतर जो ट्रॅक त्याच्या पुढ्यात टाकला त्याचीच लय एका जागी नसते. माणूस बदलण्याआधी कान, वायर आणि फाइल तपासा.

सुटला म्हणजे नेमका कसा सुटला?

हे आधी विचारा, कारण निम्मं उत्तर इथेच मिळतं. पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत ट्रॅक आणि वाद्यं सारख्याच अंतराने मागेपुढे असतील, तर गडबड आवाजाच्या वाटेत आहे. हळूहळू लांब गेले, तर क्लिक (लय धरायला वादकाच्या कानात दिलेला ठोका) ऐकू येत नाहीये किंवा ट्रॅकचीच लय बदलती आहे. एका जागी एकदम उडी पडली, तर प्लेबॅक अडखळला किंवा गायकाने ठरल्यापेक्षा वेगळं काही केलं. आणि लयीबरोबर सूरही जुळत नसेल तर फाइलचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत तो आकडा) बघा, बाकी कशालाही हात लावू नका.

कुणीतरी मोबाइलवर कार्यक्रम शूट केलेला असतोच. तो व्हिडिओ मागवून घ्या आणि स्टेजवर नक्की काय झालं यावर वाद घालण्याआधी ऐका. मात्र तो कुठे उभं राहून काढलाय हे विचारून घ्या. उभं राहण्याच्या जागेप्रमाणे ऐकू येणारा उशीर बदलतो.

हवेतला उशीर

आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. रिहर्सलच्या खोलीत सगळे दोन-तीन मीटरच्या आत बसलेले असतात, त्यामुळे हा उशीर कुणाला जाणवत नाही. मैदानातल्या चाळीस फुटी स्टेजवर कीबोर्ड एका टोकाला आणि ढोलकी दुसऱ्या टोकाला असेल, तर तोच उशीर ३५ मिलिसेकंदांच्या घरात जातो.

पुढची गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दोन वादक एकमेकांना ३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशिराने ऐकू लागले की दोघंही नकळत दुसऱ्यासाठी थांबतात. हा त्याच्यासाठी थांबतो, तो याच्यासाठी, आणि लय रेंगाळत जाते. नुसत्या लाइव्ह बँडमध्ये हे खपून जातं, कारण सगळे मिळूनच हळू होतात. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. म्हणून ट्रॅक आल्यापासून "रिदम हलतो" असं वाटायला लागलं. हलत तो आधीही होता.

गिरगाव-लालबागच्या गल्ल्यांत मंडळाचा स्टेज असेल तर आणखी एक भर पडते. समोर वीस मीटरवर चाळीची भिंत असते. मोठ्या स्पीकरचा आवाज तिथे आपटून परत स्टेजवर येईपर्यंत ११५ मिलिसेकंद उलटलेले असतात. १२० च्या लयीत, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा, चौथाई मात्रा १२५ मिलिसेकंदांची होते. म्हणजे ट्रॅकची दुसरी आवृत्ती जवळजवळ पाव मात्रा मागून ढोलकीवाल्याच्या कानावर येत राहते, आणि मॉनिटर (वादकांना ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर) क्षीण असेल तर त्याला तीच जास्त ऐकू येते. अशा वेळी तो कुठल्या ट्रॅकबरोबर वाजवणार?

उपाय साधा आहे. रिदमवाले, कीबोर्ड आणि बास एकमेकांच्या जवळ बसवा. स्टेज मोठा आहे म्हणून तो भरून काढायची काही गरज नाही. लय धरणाऱ्याला ट्रॅक आणि क्लिक थेट कानात द्या. साइडला ठेवलेल्या मॉनिटरवर भागवू नका.

ब्लूटूथ नको, म्हणजे नकोच

गळ्यात नेकबँड आहेच, त्यावरच क्लिक घेतो, असं सांगणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज कानात पोचायला १०० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहूनही जास्त लागतात. व्हिडिओ बघताना हे कळत नाही, कारण फोन चित्रही तेवढंच मागे ठेवतो. वाजवताना मात्र ट्रॅक स्पीकरमधून आधी जातो आणि क्लिक मागून येतो. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ठराविक अंतराने मागे राहत असेल, तर सर्वात आधी ढोलकीवाल्याच्या कानात काय आहे ते बघा. वायरचे इअरफोन आणि कमरेला लावायचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प एवढ्यात काम होतं. खरी इन-इअर वायरलेस सिस्टिम असेल तर तिचीही अडचण नाही. ती ब्लूटूथवर चालत नाही आणि तिचा उशीर जाणवण्याइतका नसतो.

क्लिक आहे, पण पोचतोय का?

लय नेहमी त्याच जागी सुटत असेल, समजा कोरस, ऑक्टोपॅड आणि साइड रिदम एकदम भरतात तिथे, तर क्लिक आवाजाखाली बुडतोय. नुसता आवाज वाढवला की तासाभरात कान बधिर होतात. त्यापेक्षा क्लिकचा आवाज बदला. पिपाणीसारखा बीप गर्दीत हरवतो, काउबेल किंवा लाकडी ठोक्यासारखा कोरडा आवाज वर तरंगतो. समेचा ठोका वेगळ्या सुरात ठेवा. संथ गाण्यात ६० च्या लयीत दोन ठोक्यांमध्ये अख्खा एक सेकंद जातो आणि त्या पोकळीत कुणीही सरकेल, म्हणून तिथे अर्ध्या मात्रेवर हलका ठोका भरा. दादऱ्यातलं गाणं असेल तर सुरुवातीचे मोजणीचे ठोके सहा द्या. चार दिले तर पहिली समच वाकडी पडते, हे रिहर्सलला सगळ्यांच्या सवयीने झाकलं जातं.

क्लिकच्या चॅनेलवर बोलून ठेवलेल्या सूचनाही हव्यात. "सेकंड म्युझिक, एक, दोन, तीन, चार" असं कुणाच्याही आवाजात रेकॉर्ड करून टाका. कागद बघायला वेळ नसतो, आणि स्टेजवरच्या निळ्या लाइटात तो वाचताही येत नाही.

ढोलकीवाले दोन्ही कान बंद करायला तयार नसतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. चाटीची (चढ्या बाजूची) आस आणि धुमाचा (खर्जाच्या बाजूचा) घुमारा ऐकल्याशिवाय हात चालत नाही. एक कान मोकळा ठेवला की मात्र तो बाहेरचा गोंगाट ऐकतो आणि दुसऱ्या कानातला आवाज वाढवत नेतो. म्हणून दोन्ही कानांत द्या, पण त्याच्या स्वतःच्या ढोलकीचे दोन्ही माइक त्याच मिक्समध्ये भरपूर द्या. पहिली दोन गाणी कुरकुर होते, मग सवय होते. सगळ्या बँडला क्लिक द्यायची गरज नाही. एकाच्या कानात क्लिक आणि बाकीच्यांचं लक्ष त्याच्यावर, ही पद्धत जुनीच आहे. इंग्लंडच्या 'द हू' बँडचा ड्रमर कीथ मून १९७१ पासून कानाला हेडफोन लावून टेपवरच्या सिंथेसायझरबरोबर वाजवायचा आणि बाकीचे त्याला धरून चालायचे.

मुळात ट्रॅकलाच लय नाही

जुनी गाणी घेणाऱ्या ऑर्केस्ट्रांचा खरा घोळ इथे आहे, आणि इथे सहसा कुणी बघत नाही. पन्नास-साठच्या दशकातली गाणी अख्ख्या वाद्यवृंदाने एकत्र बसून, क्लिकशिवाय वाजवलेली आहेत. अंतऱ्यात गाणं किंचित सैल होतं, म्युझिकला पुढे सरकतं, मुखड्यावर येताना पुन्हा सावरतं. त्यातच त्याचा जीव आहे. आता त्या रेकॉर्डिंगमधून सॉफ्टवेअरने आवाज काढून टाकायचा, उरलेल्याला ट्रॅक म्हणायचं आणि त्यावर ११८ चा सरळ क्लिक चिकटवायचा, असा प्रकार सर्रास चालतो. पहिला अंतरा निभतो, सेकंड म्युझिकला निभत नाही.

हिशेब करून बघा. ट्रॅक १२० वर आणि वादक १२१ वर असतील, तर एका मिनिटात पूर्ण एक मात्रा फरक पडतो. एवढासा फरक बसल्या जागी कुणालाच कळत नाही. चार मिनिटांच्या गाण्यात मात्र चार मात्रा, म्हणजे केरव्याचं अर्धं आवर्तन हातचं जातं.

तपासायचं कसं? रीपर किंवा तुमच्याकडे जे सॉफ्टवेअर असेल त्यात ट्रॅक टाका, पहिली सम सॉफ्टवेअरमधल्या मापाच्या रेषेवर बसवा आणि थेट शेवटच्या मुखड्याच्या समेवर जा. ती रेषेवर असेल तर ट्रॅक सरळ आहे. नसेल तर प्रत्येक समेवर खूण करून टेम्पो मॅप करा, म्हणजे क्लिकच गाण्यामागे चालेल. एका गाण्याला संध्याकाळ जाते. काही जण उलटं करतात, गाणंच ताणून क्लिकवर बसवतात. फाइल सरळ होते, पण व्हायोलिनी चिरकतात आणि चालीचा डौल जातो. मला हे पटत नाही. तेवढाच वेळ घालून म्युझिकचे भाग नव्याने रेकॉर्ड करून घ्या, निदान ते तुमचे तरी असतील.

आणि ढोलकी लाइव्ह असेल तर ट्रॅकमधली ढोलकी काढूनच टाका. दोन्ही वाजल्या की वीस-तीस मिलिसेकंदांच्या फरकानेही थाप दुहेरी ऐकू येते, आणि लय बरोबर असूनही लोकांना सुटल्यासारखी वाटते. लूपची ढोलकी सरळ रेषेत चालते, हाताची लग्गीला (जलद ठेक्याला) पुढे झुकते. त्यांचं पटणार नाही. ट्रॅकमध्ये तेच ठेवा जे स्टेजवर आणणं परवडत नाही: व्हायोलिनींचा ताफा, कोरस, क्वचित एखादी सारंगी. ट्रॅक म्हणजे फसवणूक असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की बारा व्हायोलिनवाल्यांचं मानधन वर्गणीत बसवून देता का.

सूरही चढलाय

कलाकार काळी एक मागतो आणि ट्रॅक पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कुठेतरी वाजतो. वर ट्रॅक धावतोय असंही वाटतं. याचं कारण ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ वर चालते आहे. सूर जवळजवळ दीड अर्धस्वर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून पेटीच्या दीड पट्ट्या वर जातो, आणि पाच मिनिटांचं गाणं साधारण ४ मिनिटं ३६ सेकंदांत संपतं. चांगली सॉफ्टवेअर हे स्वतःच जुळवून घेतात. हार्डवेअर प्लेअर आणि सेटिंग अडकून पडलेले इंटरफेस घेत नाहीत. सगळे ट्रॅक ४८ च्या वेव्ह फाइलमध्ये करून ठेवा. क्लिक आणि ट्रॅकच्या वेगवेगळ्या एमपीथ्री करू नका. एमपीथ्रीच्या सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते आणि दोन्हींत ती सारखीच असेल याची खात्री नसते.

जुन्या रेकॉर्डिंगचा सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये असेल तर हलवायचा तो ट्रॅक. कीबोर्ड ४४० हर्ट्झवरून ४४६ ला नेता येतो, पण पेटीच्या रीड कार्यक्रमाच्या दिवशी कोण घासत बसणार?

वायर

लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून एकच स्टिरिओ जॅक थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खोचलेला मी इतक्यांदा पाहिलाय की साउंड चेकला आता आधी तेच बघतो. तिथे मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. दोन्हींत सारखं असलेलं सगळं, म्हणजे बास, ठेका, मधला कोरस, गायब होतं आणि उरतो पोकळ, लांबून आल्यासारखा आवाज. त्यावर लय धरणं अशक्य. डावीकडे क्लिक आणि उजवीकडे ट्रॅक असेल तर आणखी मजा, क्लिक थेट प्रेक्षकांत. वाय केबलने दोन वेगळ्या वायरी काढा, त्या दोन डीआय बॉक्सला (सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणाऱ्या डबीला) द्या, आणि दोन्ही टोकांना "क्लिक – बाहेर नको" आणि "ट्रॅक" अशा ठळक चिठ्ठ्या चिकटवा. फोनवरून वाजवत असाल तर सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू नाही ना, हेही बघा. चार्जर लावल्यावर "हूं" असा गुणगुणाट येत असेल तर ट्रान्सफॉर्मरचा डीआय वापरा. प्लगची अर्थिंगची पिन कुणालाही मोडू देऊ नका.

मध्येच उडी

ट्रॅक फोनवर असेल तर एअरप्लेन मोड. यावर जास्त बोलायची गरज नाही. लॅपटॉप असेल तर ऑक्टोबरच्या उकाड्यात, हॅलोजनखाली तो तापून अडखळतो. त्याला लाइटपासून बाजूला आणि टेबलावर उंच ठेवा. बफर (आवाज वाजवण्याआधी साठवून ठेवायची जागा) १०२४ वर टाका. कमी बफर चांगला हा समज लाइव्ह कीबोर्डच्या आवाजांसाठी खरा आहे. नुसता ट्रॅक वाजवताना क्लिक आणि ट्रॅक दोघंही सारखेच मागे जातात, त्यामुळे काहीच बिघडत नाही आणि लॅपटॉपला श्वास घ्यायला जागा मिळते. एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होणार नाही, हेही पक्कं करा. २००४ मध्ये अमेरिकेच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्ही कार्यक्रमात गायिका अ‍ॅशली सिम्पसनच्या दुसऱ्या गाण्याला पहिल्याच गाण्याचा ट्रॅक सुटला, आवाजासकट. ती माइक खाली धरून उभी होती.

पण आपल्याकडच्या बहुतेक उड्या यंत्राच्या नसतात, माणसांच्या असतात. शिवाजी मंदिर असो की दीनानाथ, लावणीला "वन्स मोअर" येणारच. गायिका रंगात येऊन मुखडा तिसऱ्यांदा घेते, ढोलकीवाला तिला साथ देतो, आणि ट्रॅक फर्स्ट म्युझिकवर जाऊन बसतो. तिला "ट्रॅकप्रमाणे गा" म्हणून दटावणं मला चुकीचं वाटतं. लोक तिच्यासाठी आलेत. गाण्याचे तुकडे करा. इंट्रो, मुखडा, म्युझिक, अंतरा वेगवेगळे ठेवून एबलटन लाइव्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मुखडा फिरता ठेवता येतो आणि इशारा मिळाल्यावर पुढचा तुकडा समेवर सोडता येतो. दादऱ्याच्या गाण्यात मात्र सॉफ्टवेअरचं माप चार मात्रांवर सोडू नका, नाहीतर पुढचा तुकडा आवर्तनाच्या मध्येच शिरतो. हे करायचं नसेल तर लावणी ट्रॅकशिवाय घ्या. ढोलकी, पेटी, तुणतुणं आणि टाळ असताना तिला ट्रॅक हवाच कशाला?

तरीही सुटला तर? ट्रॅकमागे धावायचं नाही. धावताना तीन जण तीन दिशांना जातात आणि जे कुणाच्या लक्षात आलं नसतं ते शेवटच्या रांगेला कळतं. ट्रॅक बंद करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्या, शक्यतो ज्याच्या कानात क्लिक आहे त्याच्याकडे. त्याने हात वर केला की ऑपरेटरने दोन सेकंदांत आवाज उतरवायचा, झटक्यात तोडायचा नाही. ठेका चालू राहतो, कीबोर्ड मुखड्याचे सूर धरतो, गायक मुखड्यावर येतो. रिहर्सलला ऑपरेटरला मुद्दाम कुठेही ट्रॅक उतरवायला सांगा. पहिल्यांदा सगळे एकमेकांची तोंडं बघतात. त्यानंतर बघत नाहीत.

राहिली मुंबईची खास अडचण. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री १० ला बंद होतात. बारापर्यंतची सूट वर्षातल्या मोजक्याच दिवसांना, जास्तीत जास्त १५ दिवस देता येते. साडेनऊला सत्कार लांबतात, मंडळाचे अध्यक्ष विंगेतून घड्याळ दाखवतात, निवेदक कुजबुजतो, "ताई, एकच अंतरा घ्या." ताई दुसरा अंतरा गाळतात आणि ट्रॅकला ते कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून शेवटच्या पाच-सहा गाण्यांची एक अंतऱ्याची वेगळी फाइल आधीच करून ठेवा, नावात "छोटं" लिहा, आणि निवेदकाला बजावून ठेवा की वेळ कमी असेल तर आधी ऑपरेटरला सांगायचं, मग ताईंना.